बीज

देहूला ‘बीज’ म्हटले की फाल्गुन वद्य द्वितीया, संत तुकारामांच्या वैकुंठगमनाची तिथी. वडिलांनी कारखान्यातील नोकरीसाठी पिंपरीत बिऱ्हाड केले, तेव्हापासून देहू आम्हा कॅथॉलिक कुटुंबालाही शेजारघरासारखेच. बीजेच्या दिवशी भर दुपारी वैकुंठगमन मंदिराजवळची नांदुरकी हलते, अशी वारकरी बांधवांची श्रद्धा आहे. लहानपणी एकदा आम्ही भावंडे वडिलांचा हात धरून त्या गर्दीत उभे होतो. झाड हलले की नाही, ते सांगता येणार नाही. आम्हाला दिसल्या त्या केवळ टोप्या आणि पताका. “एवढा मोठा वृक्ष, पण खाली त्याचे एकही रोप कसे नाही?” हा वडिलांचा प्रश्न मात्र मनात राहिला.

त्याचे उत्तर आम्हास फार उशिरा उमगले. नांदुरकी वड-पिंपळाच्या कुळातली. या कुळाचे फळ म्हणजे वस्तुतः आतून फुलांनी भरलेली बंद पिशवी. चिलटाएवढा एक कीटक आत शिरून परागण करतो, तेव्हा कोठे बारीक बी धरते. फळे पिकली की तांबट, कोकीळ, साळुंक्या, बुलबुल आणि रात्री वटवाघळे त्यांवर तुटून पडतात. बी त्यांच्या पोटातून धडधाकट बाहेर पडते. काही जातींचे बी पुढे मुंग्याही फटीत ओढून नेतात. आईच्या दाट सावलीत पडलेल्या बीला उजेड लाभत नाही. उजेड आणि थोडी ओल मिळाली, की दुसऱ्या झाडाची बेचकी, विहिरीचे बांधकाम, देवळाचे शिखर, काहीही त्याला चालते. शुभवर्तमानातील दाखल्यात खडकावर पडलेले बी मूळ नसल्यामुळे वाळून जाते. या कुळाचे बी तेथेच रुजते आणि फटीफटीतून मातीपर्यंत मूळ उतरवते. तेवढ्यात भिंत दुभंगते, ही गोष्ट निराळी.

वडिलांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. गेल्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मेणबत्त्या लावण्यास दफनभूमीत गेलो, तो कबरीवरील क्रूसाच्या पायथ्याशी, सिमेंटच्या चिरेतून, वीतभर पिंपळ वर आलेला. थोरले बंधू म्हणाले, “आत्ताच काढू या. दोन पावसाळ्यांत क्रूस पाडील हा.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. धाकटी बहीण म्हणाली, राहू द्यावे. वाद थोडा वाढलाच. मेणबत्त्या हातात तशाच राहिल्या.

आई इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अरे, हे त्या झाडाखाली रोप शोधत होते ना? आले बघा.”

कोणालाच पुढे बोलवेना. अखेरीस बंधूंनी चाकूने चीर मोकळी करून रोप हळूच सोडवले. आईने ते पदरात घेतले. आज ते सज्जात, तेलाच्या जुन्या डब्यात आहे. दोन नवी पाने आली आहेत. अर्धे मूळ मात्र कबरीच्या चिरेतच तुटून राहिले. पावसाळा लागला की जाऊन पाहावे लागेल.