मशीनचं तेलपाणी

शिलाई मशीन एकदम बंद पडत नाही. आधी तिचा आवाज बदलतो. एका लयीत पळणारा टाका मध्येच अडखळतो, पायडल जड लागतं आणि कापडाच्या उलट्या बाजूला दोऱ्याचं गुंतवळ साचू लागतं. आमच्या शिनोलीत हे दिवस बहुधा श्रावणाच्या मागेपुढे येतात. भीमाशंकरच्या डोंगरावरून उतरलेला पाऊस घोड नदीचं खोरं भरून टाकतो, भिंतींना ओल धरते, लोखंडावर तांबूस पूड येते. रस्त्यावर भीमाशंकरला निघालेल्या गाड्यांची रीघ लागलेली, आणि आत खिडकीच्या उजेडात माझी काकू सुईकडे डोळे बारीक करून बघत बसलेली. गौरी-गणपती तोंडावर आलेले. कोपऱ्यात ब्लाउजपीसचा ढीग, प्रत्येकाला टाचलेली चिठ्ठी आणि त्यावर द्यायची तारीख.

"मिस्त्रीला बोलवायला पायजे," ती म्हणते. आणि त्याच दमात, "किती घेईल, काय माहीत."

बाहेरच्या माणसाला हा साधा दराचा प्रश्न वाटेल. मशीनवर घर चालवणाऱ्या बाईला तो तसा वाटत नाही. मिस्त्री घरी येऊन मशीन उघडून, साफ करून, तेलपाणी करून, टाका लावून देणार, त्याचे तीनशे-साडेतीनशे. शटल किंवा बॉबिन केस बदलावी लागली तर ते पैसे वेगळे. काकू हे रुपयांत मोजत नाही, ब्लाउजांत मोजते. साध्या ब्लाउजची शिलाई तिला सव्वाशे-दीडशे मिळते. त्यातून दोरा, हुक, कॅनव्हास वजा. म्हणजे मिस्त्रीची एक फेरी म्हणजे तीन ब्लाउज, आणि तीन ब्लाउज म्हणजे घरचा स्वयंपाक, गोठा, शेतावरची न्याहारी सांभाळून शिवणाला बसण्याचा जवळजवळ सगळा मोकळा वेळ.

तेही मिस्त्री आला तर. नाही आला तर स्क्रू सैल करून मुंडी स्टँडवरून उतरवायची. जुनी ओतीव लोखंडाची मुंडी दहा-बारा किलोच्या आत नसते. ती जुन्या नऊवारीत गुंडाळायची, पोत्यात घालायची आणि एसटीने घोडेगाव, तिथे जमलं नाही तर मंचर. तिथला माणूस सांगतो, "ठेवून जा, परवा या." तो परवा कधी आठवड्यावर जातो. तेवढ्यात दोघी-तिघी कापड परत मागून नेतात, कारण सण कुणासाठी थांबत नाही. एकदा दुसऱ्या शिंपिणीकडे गेलेलं माप सहसा परत येत नाही. सर्व्हिसिंगचा खरा खर्च हा असतो, आणि तो कुठल्याच पावतीवर लिहिलेला नसतो.

आमच्याकडे येणारा मिस्त्री वयस्कर आहे. पिशवीत दोन-तीन पेचकस, पाने, चिमटा, एक ब्रश, प्लास्टिकच्या बाटलीत थोडं पेट्रोल. पूर्वी रॉकेल असायचं. तो आल्याबरोबर काही उघडत नाही. आधी सुई काढतो आणि तिचं टोक अंगठ्याच्या नखावरून हळूच ओढतो. नखावर चरा उठला तर टोक मोडलेलं. मग सुईची चपटी बाजू बरोबर बसवली होती का, ते विचारतो. टाका सुटण्याच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात, असं तो सांगतो. नवी सुई लावून चिंधीवर चार टाके मारतो, चिंधी उलटी करून बघतो आणि मग बसकण मारतो.

शटल बाहेर निघालं की त्याच्या मागे राखाडी रंगाचा चिकट लगदा दिसतो. वर्षभराच्या कापडाची कुसं आणि त्यात मुरलेलं तेल.

"ताई, ह्यात खोबरेल घातलं व्हतं का?"

काकू गप्प. मशीनच्या तेलाची बाटली संपली होती आणि हाताशी खोबरेल होतं, एवढंच. मिस्त्री रागावत नाही. खोबरेल थंडीत थिजतं, गोडेतेल हळूहळू राळेसारखं घट्ट होतं आणि सगळे सांधे धरून ठेवतं, हे तो दर घरी सांगत आलेला आहे. पेट्रोलने धुऊन, पुसून, वाळवून तो प्रत्येक छिद्रात मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंबच सोडतो. जास्त नाही, नाहीतर पहिल्याच ब्लाउजवर डाग पडायचा. ढिला झालेला चामडी पट्टा बोटभर कापून तारेने पुन्हा जोडतो.

आणि मग येतं ते काम, ज्यासाठी त्याला बोलवायचं. शिवणाचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा दोरा सुईबरोबर खाली जातो. सुई वर येऊ लागते तेव्हा तिच्या पाठीशी दोऱ्याचा एक बारीकसा फास सुटतो. नेमक्या त्या क्षणी शटलच्या टोकाने तो फास पकडून खालच्या बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवायचा असतो. पकड केसभर आधी झाली किंवा केसभर उशिरा, तरी टाका सुटतो. दोन्ही दोऱ्यांचा ताण सारखा असला तरच गाठ कापडाच्या पोटात बसते, वर किंवा खाली दिसत नाही. हे जुळवताना मिस्त्री एका हाताने चाक सावकाश फिरवतो, मान तिरपी करून सुईच्या भोकाशी डोळा नेतो आणि श्वास रोखतो. स्क्रू पाव फेरा इकडे, त्याहून कमी तिकडे. मग पायडलवर पाय ठेवतो. आवाज पुन्हा एकसारखा झालेला असतो, आणि तो ऐकून काकूचा चेहरा सैलावतो. मला तो आवाज विठ्ठलाच्या देवळातल्या टाळांइतकाच शुभ वाटतो.

तासाभरात सगळं आटपतं, म्हणून पुष्कळांना पैसे जास्त वाटतात. "तेल तर घातलं नुसतं," असं मी लोकांना म्हणताना ऐकलं आहे. हे मला मान्य नाही. तेलाची बाटली दुकानात स्वस्तात मिळते. मिस्त्रीला पैसे मिळतात ते तेल कुठे घालायचं नाही हे कळण्याचे, आणि त्या पाव फेऱ्याचे. तो पाव फेरा शिकायला त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं आहे.

हे यंत्र आपल्या घरांत येऊन दीडशे वर्षं होत आली. अमेरिकेत एलायस हाव याने 1846 मध्ये आणि आयझॅक सिंगर याने 1851 मध्ये पेटंट घेतलं. सिंगरच्या कंपनीने हप्त्याने मशीन विकायची पद्धत काढली, आणि एकरकमी पैसे नसलेल्या घरांतही ती जाऊन पोचली. 1870 च्या दशकात सिंगरची मशीन मुंबईत विकली जात होती. 1930 च्या दशकात कोलकात्यात उषा मशीनचा कारखाना उभा राहिला. मग मशीन शिंप्याच्या ओट्यावरून सासरी निघालेल्या मुलीच्या सामानात आली. यंत्रांबद्दल कठोर बोलणाऱ्या गांधीजींनीही 1924 मध्ये शिलाई मशीनला अपवाद केला होता, कारण टाके घालून थकणाऱ्या बायकोची कणव येऊन एका माणसाने ती केली असं ते मानत. त्या कणवेत मशीन चालती ठेवणाऱ्या माणसाचाही वाटा धरायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मशीन देणारे आज पुष्कळ आहेत. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याणच्या योजनेतून त्या मिळतात, बचत गटाच्या कर्जातून येतात. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक कामांमध्ये शिंपीकाम आहे, आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आहे. चांगलंच आहे. पण त्या अठरांच्या यादीत मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री नाही. सुतार आहे, लोहार आहे, कुलूप-किल्ली करणारा आहे, हा नाही. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, जिथे बाया हिरडा गोळा करून आणि भात लावून चार पैसे जोडतात, तिथल्या घरांत मी अशा मशिनी पाहिल्या आहेत. वर क्रोशाचं कापड, त्यावर देवाचा फोटो, आणि चाक हलत नाही. वाटप झालं त्या दिवशीचा फोटो भिंतीला आहे. मशीन नुसती गंजून अडकलेली असते, तिला एक दिवस मिस्त्रीचा हात लागला असता तर त्या घरात शाळेचे गणवेश शिवले गेले असते. मशीन देताना सोबत तेलाची बाटली, सुयांचं पाकीट, मशीन कशी साफ करायची याचं एका दिवसाचं शिक्षण आणि दोन वर्षांच्या सर्व्हिसिंगचे पैसे द्यायला काय हरकत आहे? तालुक्यातल्या चार पोरांना हे काम शिकवलं तर मुंडी पोत्यात घालून मंचरला न्यायची पाळीच येणार नाही.

जे घरी होण्यासारखं आहे ते घरी करावं, हेही मिस्त्रीच सांगतो. रोज काम संपलं की जुन्या दात घासायच्या ब्रशने दात्यांखालची कुसं काढायची. सुई बोथट होण्याची वाट न बघता बदलायची. तेल मशीनचंच, आणि ओलीच्या दिवसांत मशीनवर कोरडं कापड. गिऱ्हाईक कमी होईल अशी भीती त्याला वाटत नाही. काकू आता हे सगळं करते, पण वर्षातून एकदा तरी त्याला बोलावते, आणि यंदा त्याचे पैसे तिने शिलाईत धरले आहेत. आजवर ते ती आपल्या कष्टातून सोसत होती.

म्हणून एवढंच सांगणं आहे. नवरात्र बसायच्या आधी मशीन मिस्त्रीला दाखवून घ्या, मागेल ते द्या, त्याला चहा विचारा. आणि तुम्ही शिवत नसाल, शिवून घेत असाल, तर ब्लाउज आणायला जाल तेव्हा शिंपीणताईने शिलाई दहा रुपयांनी वाढवलेली दिसेल. ती घासाघीस न करता द्या.