उसळी आणि आवर

दिल्लीच्या करोल बागेत दोन व्यवसाय शेजारी नांदतात. एकीकडे सोने-चांदी गाळणाऱ्यांच्या भट्ट्या, तर दुसरीकडे मोटारसायकलींच्या सुट्या भागांची दुकाने. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडील अनेक मराठी कुटुंबे गलाईच्या कामासाठी देशभर पांगली आहेत. त्यांपैकी एका घरातील तरुण रविवारी सकाळी आपली ‘हिमालयन’ घेऊन नाईवाला गल्लीत आला.

४११ सीसीची ही गाडी २०१६ साली बाजारात आली. तिचे पुढचे चाक २०० मिलिमीटर, तर मागचे १८० मिलिमीटर वरखाली होऊ शकते. खडबडीत वाटेसाठीच तिची घडण झालेली. जूनअखेर पत्नीला मागे बसवून मनालीमार्गे लेहला जायचा त्याचा बेत होता. २०२० साली अटल बोगदा खुला झाल्याने रोहतांगची चढण टळली असली, तरी पुढे बारालाचा ला आहे, गाटाची एकवीस वळणे आहेत. मागील वर्षी तावडूजवळच्या अरवलीच्या कच्च्या वाटेवर दोघेही घसरून पडली होती. पत्नीचे मनगट दुखावले होते. म्हणून त्याला मागे सर्वांत कडक स्प्रिंग बसवायची होती.

म्हाताऱ्या उस्तादांनी पैशांची गोष्ट काढलीच नाही. ‘‘मागे बसणारी कुठे आहे? तिच्याशिवाय माप कसे घेऊ?’’

पत्नी मेट्रोने आली. उस्तादांनी गाडी मधल्या स्टँडवर चढवली. चाक अधांतरी असताना आसापासून शेपटापर्यंतचे अंतर टेपने मोजले. मग सामान बांधून, दोघांना बसवून पुन्हा मोजले. फरक ८० मिलिमीटर निघाला. १८० मिलिमीटरपैकी जवळजवळ अर्धी हालचाल खड्डा येण्याआधीच संपत होती. हा फरक एकूण हालचालीच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतका असावा, असे उस्तादांनी समजावले. मागचा भाग दबला की पुढचे चाक हलके होते आणि हँडल भरकटते.

त्यांनी स्प्रिंगवरचे आटे घट्ट केले. फरक ५८ वर आला. स्प्रिंग बदलावी लागलीच नाही.

निघताना पत्नी संकोचत म्हणाली, ‘‘खड्ड्याचा धक्का एवढा लागत नाही, उस्ताद. त्यानंतर गाडी मला वर फेकते, ते सहन होत नाही.’’

उस्ताद थबकले. वर्षभर त्या सीटवर बसणारीला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. त्यांनी वाकून शॉकअपच्या दांड्यावर बोट फिरवले. ते तेलाने माखले.

‘‘स्प्रिंग धक्का साठवते आणि तितक्याच जोराने परत करते,’’ ते म्हणाले. ‘‘ही उसळी आवरायचे काम तेलाचे. बारीक छिद्रांतून जाताना ते तो जोर उष्णतेत विरवते. तुझ्या शॉकअपचे तेल गळून गेले आहे. यावर कडक स्प्रिंग बसवली असतीस, तर तिने तुम्हा दोघांना आणखी जोरात फेकले असते. चाक जमिनीवरून उचलले की ब्रेकही निकामी!’’

तरुणाच्या डोळ्यांपुढे तावडूची वाट उभी राहिली. त्या दिवशी त्याने दोष रेतीला दिला होता.

उसळी कमी-जास्त करता येईल असा नवा शॉकअप बसवायचे ठरले. स्प्रिंग दोघांच्या व सामानाच्या वजनाला साजेशी, वाजवीहून कडक नको. पुढच्या फोर्कमधील तेलही ठरवून दिलेल्या प्रतीचे, मापून भरायचे. प्रवासाला निघण्यापूर्वी तावडूच्याच वाटेवर गाडी पारखायची, ही उस्तादांची अट होती.

परतताना तरुणाने नेहमीप्रमाणे वेग धरला नाही. पुसा रोडच्या पहिल्याच गतिरोधकापाशी तो मंदावला आणि मान किंचित वळवून त्याने विचारले, ‘‘आता कसे वाटते?’’