चार दिवस अधिक

चिखल्यास आमच्या घरामागे चिकूची वाडी आहे व वाडीपलीकडे, सुरूंच्या रांगेआड, समुद्र आहे. याच वाडीत आमचे वडील बंधू घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. दूरच्या शहरी एका मोठ्या इस्पितळात त्यांची शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या." आम्हीच गळ घातली की, गावी अडीअडचणीस डॉक्टर हाताशी नसतो, तेव्हा चार दिवस अधिक राहू द्यावे, आणि दादांना उठण्याचे कष्ट नकोत म्हणून लघवीची नळीही असू द्यावी. दोन्ही विनंत्या मायेपोटी केल्या होत्या, आणि त्याच आम्हांस भोवल्या.

नवव्या दिवशी दादांना हुडहुडी भरून ताप आला. तपासणीच्या कागदावर एकाखाली एक औषधांची नावे होती, आणि लघवीत सापडलेले जंतू त्यांपैकी बहुतेकांस दाद देत नाहीत, असा त्याचा अर्थ होता.

डॉक्टरीणबाईंनी विचारले, "काका, गेल्या काही महिन्यांत प्रतिजैविके घेतली होती?" दादांनी आमच्याकडे पाहिले. पावसाळ्यात साध्या पडशावर आम्हीच त्यांना दुकानातून गोळ्या आणून दिल्या होत्या, त्याही दोनदा, आणि दोन्ही वेळा त्या अर्ध्यावर सोडल्या होत्या. कित्येक प्रतिजैविके चिठ्ठीवाचून देऊ नयेत व त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी, असा नियम १ मार्च २०१४ पासून अमलात आहे. परंतु चिठ्ठी मागणारे ते आणि चिठ्ठीवाचून मागणारे आम्ही, यांत दोष कोणाचा अधिक?

बाईंनी मग एकेक कारण सांगितले. उतारवय, मधुमेह, पूर्वी घेतलेली औषधे, लांबलेला मुक्काम आणि शरीरात राहिलेली नळी. नळीच्या अंगाला जंतूंचा बुळबुळीत थर धरतो व त्यात औषध नीट शिरत नाही. नळी असेतो लघवीत जंतू शिरण्याचा संभव दररोज शेकडा ३ ते ७ असतो. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे हे जंतू पुष्कळदा माणसांच्या हातांवरून जातात. हे ऐकून आम्ही आमच्या हातांकडे पाहिले. शेजारच्या रोग्याची उशी सारखी करून आम्ही कितीदा तसेच दादांजवळ येऊन बसलो होतो!

व्हिएन्ना येथे सेमेलवाइस याने १८४७ साली डॉक्टरांस हात धुण्याची सक्ती केली, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लावणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, असा इशारा दिला. म्हणजे दोन्ही गोष्टी जगास केव्हाच ठाऊक होत्या. आम्हांस मात्र त्या एका खाटेशी बसून शिकाव्या लागल्या.

दादांना ते आमच्याआधी उमगले. ते क्षीण स्वरात म्हणाले, "अरे, वाडीत दरसाल तेच औषध फवारलं की काय होतं? कच्ची कीड मरते, मुरलेली उरते, आणि पुढल्या साली तिचीच पैदास. इथं तर रोज फवारणी."

अखेर राखून ठेवलेले एक औषध द्यावे लागले. त्याने मूत्रपिंडास अपाय होऊ शकतो, म्हणून रोज रक्त तपासले जाई. ते कागद हाती येईपर्यंतचा प्रत्येक तास आम्ही कसा काढला, ते आमचे आम्हांस ठाऊक. चार दिवसांच्या हौसेपायी तीन आठवडे गेले. पण दादा परतले.

आता ते काठी टेकीत वाडीत हिंडतात. परवा एक शेजारी म्हणाला, "आईला अजून चार दिवस इस्पितळातच ठेवावं म्हणतो."

दादांनी विचारले, "डॉक्टर काय म्हणतात?"

"घरी न्या म्हणतात."

"मग गाडी सांग," दादा म्हणाले, "आणि तिला हात लावण्याआधी साबणाने हात धू."