वाळपईची वाम आणि पोटापाण्याचा प्रश्न

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची कुलदैवते गोमंतकात आहेत. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा यांची दर्शने घ्यावीत, अभिषेक करावा, पणजीस मांडवीच्या काठी एक संध्याकाळ घालवावी आणि परतीची गाडी धरावी, असा बहुतेकांचा शिरस्ता असतो. आम्हीही तो अनेक वर्षे इमानाने पाळला. ही मांडवी ज्या डोंगरांतून खाली येते त्या सत्तरी तालुक्यात आमचे पाऊल पडले ते मात्र एका पत्रामुळे.

पत्र आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे होते. मुलगा मूळचा वाळपईजवळच्या एका खेड्यातला; काही वर्षे मामाकडे राहून आमच्या शाळेत शिकला. त्याने लिहिले होते : ‘सर, वाम या माशाला परदेशात सोन्याचा भाव आहे असे ऐकतो. आमच्या नदीत वाम आहे. एक मध्यस्थ म्हणतो, टाक्या तुम्ही बांधा, पिल्ले मी देतो, तयार माल मीच उचलतो. आजीच्या पाटल्या गहाण ठेवून पैसे उभे करावे असे घरात चालले आहे. तुमचे मत काय?’

आमचा विषय मराठी. माशांविषयी आमचे ज्ञान ताटापुरतेच होते. परंतु ज्या मुलास आपण शुद्धलेखन शिकविले त्याच्या आजीच्या पाटल्यांचा प्रश्न आहे, तेथे ‘मला ठाऊक नाही’ एवढे उत्तर पुरेसे वाटेना. महिनाभर मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले आणि मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर आम्ही वाळपईचा रस्ता धरला.

म्हापशाहून डिचोली, साखळी, होंडा असे करीत गाडी पूर्वेकडे जाते, तसतसा किनाऱ्यावरचा गोवा मागे पडतो. वाटेत लाल मातीचे उंच ढिगारे दिसतात. ते खाणींचे. या पट्ट्यातल्या असंख्य घरांची चूल लोहखनिजावर पेटत असे. खाणी २०१२ साली थांबल्या, मध्यंतरी मर्यादेत सुरू झाल्या आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्टे रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा बंद पडल्या. पुढे लिलावाने नवे गट देण्यात आले, तरी मधल्या वर्षांत ज्यांचे ट्रक दारात उभे राहून गंजले त्यांची घडी विसकटली ती विसकटलीच. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांचा ट्रकही त्यांतलाच होता. वामीच्या टाक्यांचे स्वप्न या घरास का पडले, याचा उलगडा आम्हांस त्या ढिगाऱ्यांपाशीच झाला.

वाळपई हे सत्तरीचे मुख्य ठाणे. सत्तर गावांची म्हणून सत्तरी, अशी या नावाची लोकांतली फोड. जवळच नाणूसचा किल्ला आहे. १८५२ मध्ये दीपाजी राणे यांनी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध जो उठाव केला, त्यात या किल्ल्याचे नाव अग्रभागी येते. गाव टुमदार, भोवती काजू, माड, पोफळी आणि त्यांच्यापलीकडे सह्याद्रीची निळी भिंत. या भिंतीपलीकडे, कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, म्हादई उगम पावते. सत्तरीतून वाहते आणि पुढे मांडवी हे नाव घेऊन पणजीपाशी समुद्रास मिळते. सारा प्रवास सुमारे ८० किलोमीटरांचा. आमची वाम याच वाटेची प्रवासी आहे.

मुलाचे आजोबा ऐंशीच्या घरातले. संध्याकाळी त्यांच्याबरोबर आम्ही ओढ्यावर गेलो. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी भातखाचरांतून ओढ्यात उतरत होते आणि त्या धारेविरुद्ध चढणीचे मासे वर सरकत होते. आजोबांनी गांडुळे लावलेल्या गरी खडकाच्या कपारीत सोडल्या. पहाटे त्यांतल्या एकीला वाम लागली होती. हातभर लांब, मनगटाएवढी जाड, अंगावर तपकिरी-पिवळे ठिपके. बुळबुळीत इतकी की राख लावल्याखेरीज हाती ठरेना. हिला काही ठिकाणी अहिर म्हणतात. नदीत आणखी एक काटेरी पाठीची वाम असते, समुद्रातली मोठी वाम आणखी निराळी; नाव एक असले तरी कुळे भिन्न.

‘मास्तर,’ आजोबा म्हणाले, ‘पावसाच्या चार महिन्यांत अशा पाच-सहा मिळतात. एखादी विकली तर एका दिवसाच्या मजुरीएवढे पैसे येतात. बाकीच्या घरात खातो. तिच्यावर संसार कोणी केलेला मी पाहिला नाही.’

वाळपईतील वामीच्या रोजगाराचा सगळा हिशेब या चार वाक्यांत आला. मग परदेशातला तो सोन्याचा भाव खोटा काय? खोटा नाही; पण तो कोठून येतो हे समजून घ्यावयास हवे.

बहुतेक मासे नदीत जन्मतात किंवा समुद्रात जन्मतात आणि तेथेच राहतात. या वामीचा क्रम विलक्षण आहे. ती वाढते गोड्या पाण्यात. पण अंडी घालण्यासाठी पुराबरोबर नदी उतरून खोल महासागरात जाते, आणि परत येत नाही. तिची पिल्ले प्रथम पानासारखी चपटी असतात. किनाऱ्याजवळ येता येता ती बोटभर लांबीची, काचेसारखी पारदर्शक होतात आणि नदी चढू लागतात. ओल्या खडकांवरूनही ती सरपटत वर जातात. ॲरिस्टॉटलला वाम चिखलातून उपजते असे वाटले होते. डेन्मार्कचे योहानेस श्मिट यांनी १९०४ पासून जवळजवळ दोन दशके अटलांटिक महासागर धुंडाळून युरोपातील वामीचे जन्मस्थान सारगासो समुद्रात असल्याचे दाखविले. तथापि तेथे तिची अंडी अद्याप कोणाच्या दृष्टीस पडलेली नाहीत.

व्यवहाराचे मर्म येथेच आहे. रोहू-कटल्याचे बीज केंद्रात तयार होते. वामीचे तसे होत नाही. जपानच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचे चक्र टाक्यांत पूर्ण करून दाखविले, परंतु ती रीत अजून फार खर्चाची आहे. जगातील वामीची शेती आजही मुख्यतः नद्यांच्या मुखांशी धरलेल्या काचपिल्लांवरच चालते. म्हणून भाव आहे तो पिल्लांना. अमेरिकेच्या मेन राज्यात ही पिल्ले धरण्याचे परवाने मोजके आणि वर्षाचा कोटा ९,६८८ पौंडांचा. २०१८ मध्ये तेथे एका पौंडास दोन हजार डॉलरांहून अधिक दर मिळाला. २०२० मध्ये तोच सुमारे पाचशेवर घसरला. एका पौंडात सुमारे अडीच हजार जीव मावतात. एवढी पिल्ले नदीतून उपसल्यावर काय होते? युरोपातील वाम इतकी घटली की २००९ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि २०१० च्या अखेरीस युरोपीय संघाने तिची निर्यातच थांबविली. जेथे बंदी तेथे चोरटा व्यापार आलाच. ‘पिल्ले मी देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थास पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच : कोणत्या नदीतली, कोणाच्या परवान्याने?

वामीच्या आधाराने प्रतिष्ठेने जगलेली माणसेही आहेत. उत्तर आयर्लंडातील लॉक ने या तळ्याच्या मच्छीमारांनी १९६५ मध्ये आपली सहकारी संस्था काढली आणि पुढे मासेमारीचा हक्कच आपल्याकडे घेतला. पण २०२३ च्या उन्हाळ्यात त्या तळ्यावर विषारी शेवाळाचा थर पसरला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा अडचणीत आला. पाणी बिघडले की पगारही बिघडतो. न्यूझीलंडमध्ये माओरी लोक धरणांनी अडविलेल्या वामी पिंजऱ्यांत धरून वर वा खाली नेऊन सोडतात. युरोपात बंधाऱ्यांना वामींसाठी शिड्या बसवितात. हेही रोजगारच, पण ते नदीची वाट मोकळी ठेवण्याचे.

आमच्या म्हादईची वाट किती मोकळी आहे? गांजेच्या आसपासपर्यंत भरतीचे पाणी चढते. त्यावर जागोजाग बंधारे आहेत, केरीजवळ अंजुणेचे धरण आहे. पाण्याच्या वाटपाचा तंटाही जुना. लवादाने २०१८ मध्ये गोव्यास २४, कर्नाटकास १३.४२ आणि महाराष्ट्रास १.३३ टीएमसी पाणी ठरवून दिले, पण वाद मिटलेला नाही. तिन्ही राज्यांच्या बाजू वकील मांडतात; वामीची बाजू मांडावयास कोणी नाही. तिला टीएमसी नको, वाट हवी. शिवाय सत्तरीचा मोठा भाग १९९९ पासून म्हादई अभयारण्यात आहे. तेथे मनास येईल तशी मासेमारी करता येत नाही.

त्या रात्री पडवीत बसून आम्ही मुलास हे सारे सांगितले. ‘टाक्यांच्या नादी लागू नकोस. बीज दुसऱ्याच्या हाती, गिऱ्हाईकही तोच. मग तुझ्या हाती राहिले काय? फक्त कर्ज.’ मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘सर, हे करू नको हे कळले. करू काय ते सांगा.’

प्रश्न रास्त होता. नकार देणे शिक्षकास सोपे असते. आम्हांस जे ठाऊक होते ते सांगितले. घरामागे बारमाही झरा आहे. तेथे रोहू-कटल्याचे लहान तळे होऊ शकते. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अशा कामाच्या मंजूर खर्चावर सर्वसाधारण गटास ४० टक्के, तर स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींस ६० टक्के साहाय्य ठरविले होते. तेव्हा सध्याचे नियम मत्स्योद्योग खात्यात जाऊन विचारावेत, अर्ज आईच्या नावाने करावा. धाकटी बहीण बारावी शास्त्र शाखेत आहे; तिच्यासाठी रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आहे, पुढे वर्सोव्याची १९६१ पासूनची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, दोनापावलास १९६६ पासूनची समुद्रविज्ञान संस्था आहे. वाम विकून महिन्याचा पगार होत नाही. पण वाम, नदी, पाणी यांचा अभ्यास करणाऱ्यास मात्र तो मिळू शकतो.

आजोबा ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, ‘जी पेरता येत नाही तिचे पीक कसले घ्यायचे? येईल तेवढी खावी.’ आतून आजी आली आणि कोणाशी काही न बोलता समई उचलून घेऊन गेली. तिच्या हातांत पाटल्या होत्या.

पुढच्या पावसाळ्यात पत्र आले. तळे झाले होते, लहानच. पहिल्या वर्षी खर्च जेमतेम भागला. बहिणीने शिरगावचा अर्ज भरला होता. आणि ताजा कलम : ‘आजोबांना यंदा दोनच वामी मिळाल्या.’ या शेवटच्या ओळीने आम्ही अस्वस्थ झालो, ते अद्यापही आहोत.

महाडजवळ वाळणकोंडीस वरदायिनी देवीच्या डोहातले मासे कोणी मारीत नाही. देवीचे म्हणून ते राखले जातात. सत्तरीत अशाच देवराया आहेत. राखणे हेही आपल्या पूर्वजांनी एक कामच मानले होते. वाचकांनी पुढच्या वेळी कुलदैवतास जाताना एक दिवस अधिक काढावा, वाळपईस यावे आणि म्हादईच्या काठी घटकाभर बसावे. पणजीच्या मांडवीचे पाणी कोठून येते हे तेथे दिसते, आणि त्या पाण्यावर कोणाकोणाचे पोट आहे, हेही.