साप डूख धरत नाही

आपल्या मराठीने सापाला उगाच बदनाम केलंय. कुणी राग मनात ठेवला, की त्याने 'डूख धरला'. नको त्याचं भलं केलं, की 'सापाला दूध पाजलं'. दोन्हीकडे एक गोष्ट धरूनच चाललोय आपण: साप आपल्याला ओळखतो, आपलं बरंवाईट लक्षात ठेवतो.

खरं म्हणजे दूध हे सापाचं अन्नच नाही. गारुड्याची पुंगी ऐकून नाग डोलत नाही. समोर हलणाऱ्या पुंगीवर तो नजर ठेवून असतो. मग साप काहीच शिकत नाही का? शिकतो. परदेशात पाळल्या जाणाऱ्या कॉर्न स्नेकवर प्रयोग झालेत. बाहेर पडायचं भोक कुठे आहे, हे तो सरावाने शिकतो. रोज हाताळलं तर माणसाच्या हाताला बुजेनासाही होतो. पण याला लळा म्हणत नाहीत. त्याच हाताला उंदराचा वास आला तर तो चावेलसुद्धा. आणि आपल्याकडे रानातला नाग-धामण पकडून घरी ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

सत्तरीत आमचं घर कुळागराला लागून. गेल्या श्रावणात एका संध्याकाळी आमचा टायगर लाकडांच्या ढिगाकडे बघून वेड्यासारखा भुंकत सुटला. समोर नाग, फणा काढून. काकाने दांडा उचलला.

"परवाच पंचमीला पुजलास ना रे? आणि आता मारतोस?" आजी पडवीतून ओरडली.

"पूजा वेगळी, आई. टायगरला डसला तर?"

मला दोघांचंही पटत होतं. पण नाग पुढे येत नव्हता. फणा म्हणजे त्याची भाषा: मागे हो. ती न कळणारा टायगर होता. त्याला ओढायला जवळ जाणं धोक्याचं, म्हणून मी पडवीतूनच त्याची जेवणाची ताटली वाजवली. दोनदा वाजवली, तसा तो धावत आला. त्या अंगणात शिकवता येण्यासारखा प्राणी तोच होता! त्याला आत बांधला आणि लांबून ढिगावर नजर ठेवून आम्ही सर्पमित्राला फोन लावला.

त्याने कसलाच पराक्रम दाखवला नाही. पिशवीच्या तोंडाला पाइप बसवला, आकड्याने नागाला हळूच वळवलं. अंधारी जागा दिसताच नाग आपणहून आत शिरला. जाताना म्हणाला, "कुत्र्याचं उष्टं रात्री बाहेर ठेवू नका. त्यावर उंदीर येतात, उंदरांमागे हे येतात. आणि लाकडं घरापासून लांब रचा." दुसऱ्या दिवशी काकाने ढीग हलवला.

भीती खोटी नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच लस चालते, पण ती इस्पितळात मिळते, मांत्रिकाकडे नाही. दंश झाला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. हात-पाय न हलवता थेट इस्पितळ गाठायचं. कुत्र्याला डसला तर तसंच तातडीने पशुवैद्याकडे. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, तिचा दंश कळतही नाही. म्हणून जमिनीवर झोपणाऱ्याने मच्छरदाणी नीट खोचून घ्यावी.

'साप साप म्हणून भुई धोपटणे' असंही आपण हसत म्हणतो. पण सापाला बाहेरचे कान नसले तरी जमिनीची थरथर त्याला लगेच कळते, आणि बहुतेक वेळा तो वाट सोडतो. तेव्हा रात्री कुळागरातून जाताना हातात बॅटरी घ्यावी, पायात बूट घालावेत, आणि काठीने खुशाल भुई धोपटावी.