किरणांची वाट

कोल्हापूरच्या एका बँकशाखेत मी तीन वर्षे काढली. शाखेपासून अंबाबाईचे मंदिर पायी दहा मिनिटांवर होते. तरीही तेथील किरणोत्सव एकदाही पाहणे झाले नाही. सूर्य मावळतीला झुकण्याची आणि आमची दिवसाची रोकड जुळवण्याची वेळ एकच. निवृत्तीनंतर काही वर्षांनी, एका १० नोव्हेंबरला, तो योग आला. सोबत पत्नी होती आणि जयसिंगपूरला कापडाचे दुकान सांभाळणारा धाकटा भाऊ होता. भावाला आग्रहाने नेण्यामागे माझा एक वेगळा हेतू होता; तो पुढे सांगेन.

दुपारी शुक्रवार पेठेतील लक्ष्मीसेन जैन मठात दर्शन घेतले. २८ फूट उंचीच्या भगवान आदिनाथांसमोर उभे राहिले की मान आपोआप वर जाते आणि मनातील हिशेब खाली राहतात. जवळच एका नातेवाइकांकडे साडेचारलाच जेवण उरकले. किरणोत्सव सूर्यास्ताचा असल्यामुळे नंतर जेवण्याचा प्रश्नच नव्हता.

मंदिराकडे जाण्यापूर्वी मुद्दाम खरी कॉर्नरला वळसा घातला. तेथे कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. कोल्हापूरकर त्याला ‘कॅमेरा मानस्तंभ’ म्हणतात. मानस्तंभ म्हटला की आपल्याला जिनमंदिरापुढचा स्तंभ आठवतो, ज्याच्या दर्शनाने अभिमान गळून पडावा असा. येथे तो मान एका यंत्राला मिळाला आहे, आणि ते यंत्रही तसेच आहे. बाबूराव आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव यांनी परदेशी यंत्राकडे पाहून स्वतःचा कॅमेरा घडवण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले; बाबूरावांनी काम पूर्णत्वास नेले आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्याआधी १८९२ मध्ये कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी काचेवर रंगवलेली चित्रे भिंगातून पडद्यावर टाकून ‘शांबरिक खरोलिका’ दाखवली होती. भिंग आणि प्रकाश यांची मोहिनी आपल्या मुलखाला जुनीच आहे.

या सर्व चित्रांना लांबी होती, रुंदी होती. खोली मात्र नव्हती. ती उणीव भरून काढण्याची खटपट जगात बरीच आधी सुरू झाली होती. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटीमीटरचे अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला वस्तू किंचित वेगळी दिसते आणि त्या दोन चित्रांची सांगड घालून मेंदू खोली निर्माण करतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली हे स्पष्ट करून दाखवले. त्रिमिती चित्रपटाचा चष्मा हेच काम करतो, डावे चित्र डाव्या डोळ्याला आणि उजवे उजव्याला पोहोचवतो. १९८४ साली ‘माय डिअर कुट्टीचातन’ या मल्याळम चित्रपटाने ही करामत भारतात आणली; त्याचा हिंदी अवतार ‘छोटा चेतन’ आपल्यापैकी अनेकांनी मुलाबाळांसह पाहिला असेल.

परंतु त्या चष्म्याला दोन मर्यादा आहेत. जागा बदलून वस्तूची बाजू पाहू गेलात तर ती दिसत नाही, कारण चित्रे दोनच आहेत. आणि एक डोळा निकामी असेल तर ती गंमत संपलीच. ही दुसरी मर्यादा मला पुस्तकातून कळलेली नाही. माझ्या डाव्या डोळ्याची दृष्टी काचबिंदूने गेली आहे.

गेली ती एका दिवसात नव्हे. न दुखता, लाल न होता, कडेकडेने ती उणी होत गेली आणि उजवा डोळा गुपचूप तिची भरपाई करीत राहिला. चहा कपाबाहेर सांडू लागला, जिन्याची शेवटची पायरी चुकू लागली. मी ते वयावर ढकलले. आयुष्यभर इतरांच्या खात्यांतील चुका शोधणाऱ्या माणसाने स्वतःच्या खात्यातील रोजची तूट पाहिली नाही. डोळ्यांतील दाबाने मज्जातंतूची हानी होते; झालेली हानी भरून येत नाही, मात्र वेळेवर कळले तर थेंबांनी किंवा शस्त्रक्रियेने पुढची बहुधा रोखता येते. डॉक्टरांनी आणखी एक बजावले होते. हा विकार घराण्यात चालतो, सख्ख्या भावंडांना धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक. त्यांनी तपासणी करून घ्यावी. धाकट्याला मी चार वेळा सांगितले. त्याचे उत्तर ठरलेले असे : “अण्णा, लग्नसराई होऊ दे, मग बघूया. मला चांगलं दिसतंय की.” मलाही चांगलेच दिसत होते.

महाद्वार रोडवर पूजासाहित्याच्या एका दुकानात देवादिकांची उठावदार भासणारी चित्रे टांगली होती. अशा चित्रावर नख फिरवले की ते करकरते, कारण प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर बारीक उभ्या पन्हळी असतात. त्यातील प्रत्येक पन्हळ म्हणजे एक लांबट भिंग. त्याखाली अनेक चित्रांच्या पट्ट्या शेजारी शेजारी छापलेल्या असतात आणि भिंग प्रत्येक पट्टीचा प्रकाश ठरावीक दिशेलाच धाडते. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना दोन वेगळी चित्रे मिळतात, चष्म्यावाचून. याचे मूळ गॅब्रिएल लिपमन या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या कल्पनेत आहे. माशीच्या डोळ्याप्रमाणे असंख्य चिमुकल्या भिंगांची पाटी करावी, म्हणजे वस्तूकडून निरनिराळ्या दिशांना जाणारा प्रकाश नोंदवता येईल आणि तसाच परत पाठवता येईल, असे त्यांनी १९०८ साली मांडले. त्याच वर्षी रंगीत छायाचित्रणाच्या कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले.

आजचे संशोधक याच वाटेने पुढे गेले आहेत. पडद्यावर भिंगांची जाळी बसवतात, किंवा प्रकाशाचा झोत वेगाने वळवून क्षणाच्या एका अंशात एका दिशेला एक चित्र, दुसऱ्या अंशात दुसरीकडे दुसरे चित्र पाठवतात. काही यंत्रांत बारीक कॅमेरा पाहणाऱ्याचे डोळे कोठे आहेत ते टिपतो आणि त्यानुसार प्रकाश वळवला जातो. अडचण व्यापाऱ्याला लगेच समजेल अशी आहे. पडद्यावरील प्रकाशबिंदू हे भांडवल ठरलेले. ते दहा दिशांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला दहावा हिस्सा येतो आणि चित्र भरड होते. झोत वळवण्याच्या पद्धतीत हीच वाटणी बिंदूंऐवजी वेळेची होते. दिशा वाढवाव्यात तर भांडवल वाढवावे लागते. म्हणूनच हे तंत्र अजून घरोघरी पोहोचलेले नाही.

त्या चित्रापुढे मी उभा राहिलो. स्थिर उभा असताना मला ते सपाटच दिसले. मग मान हळूहळू डावीकडून उजवीकडे नेली, तशी पुढची समई मागच्या खांबावरून सरकू लागली आणि एका डोळ्याच्या माणसालाही खोली जाणवली. स्वतः हलल्यावाचून ती मिळत नव्हती, इतकेच.

तेव्हा समवसरणाची आठवण झाली. तीर्थंकर पूर्वाभिमुख विराजमान असतात, परंतु चारही दिशांच्या श्रोत्यांना ते आपल्यासमोरच दिसतात, असे आपली शास्त्रे सांगतात. त्या भावनेतूनच चौमुखी प्रतिमा घडल्या. राणकपूरचे पंधराव्या शतकातील चतुर्मुख आदिनाथ मंदिर त्याच कल्पनेवर उभे आहे. त्या अतिशयाची यंत्राशी तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. एवढेच म्हणेन, की कोणत्याही बाजूला बसलेल्याला पाठ दिसू नये, ही आस आपल्या पूर्वजांनी दगडात कोरली आणि आजचा शास्त्रज्ञ तीच भिंगात शोधतो आहे.

पाचच्या सुमारास मंदिरात गर्दी दाटली. मंदिर पश्चिमाभिमुख आहे, पण नेमक्या पश्चिमेला नव्हे. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना सूर्य पश्चिमेच्या साधारण सतरा अंश दक्षिणेला मावळतो. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीलाही तो जवळपास त्याच जागी असतो, कारण दोन्ही काळ डिसेंबरातील सर्वांत लहान दिवसापासून सुमारे सहा आठवडे दूर आहेत. किरण महाद्वारातून शिरतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात पोहोचतात. सूर्य खाली उतरतो तसे किरण आडवे होतात आणि मूर्तीवर प्रकाश वर चढतो, प्रथम चरण, मग कंबर, छाती आणि अखेरीस मुख. येथे भिंग नाही, आरसा नाही. केवळ दारे आणि दिशा. आपल्याकडेही गांधीनगरजवळ कोबा येथे दरवर्षी २२ मे रोजी दुपारी २ वाजून ७ मिनिटांनी सूर्यकिरण भगवान महावीरांच्या मूर्तीच्या भाळावर येतात. आचार्य कैलाससागरसूरी यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळेची ती स्मृती आहे.

प्रकाश दगडी फरशीवरून पुढे सरकू लागला तसे सेवेकरी लोकांना दोन्ही बाजूंना सारू लागले. “वाट सोडा, किरणांची वाट सोडा.” वाट अडवायला मोठी भिंत लागत नाही, बाहेरच्या एखाद्या इमारतीचा उंच कोपरा, हवेतील धूळ किंवा क्षितिजावरील ढगाची पट्टी पुरेशी असते. त्या सायंकाळी ढग होता. किरण चरणांवर आले, कमरेपर्यंत चढले, आणि विझले. मागे एक हळहळ उमटली.

माझ्या डाव्या हाताला धाकटा उभा होता. तो त्या बाजूला आहे हे मला त्याच्या आवाजानेच कळे. बाहेर पडताना मी उंबऱ्यापाशी थबकलो. पायरी किती खोल आहे ते उमगेना. त्याने काही न बोलता माझा दंड धरला. पायरी उतरल्यावरही त्याने तो सोडला नाही. जरा वेळाने म्हणाला, “अण्णा, हे तुला रोजच असं होतंय?” मी होय म्हणालो. तेवढे एक उत्तर मी दीड वर्ष टाळले होते. त्याला तपासणीचा आग्रह करीत राहिलो, पण माझे काय गेले आहे ते मात्र त्याला कधी दाखवले नव्हते. किरणांच्या वाटेत मीच उभा होतो.

पुढच्या सोमवारी, दुकानाचे दार एका दुपारपुरते ओढून, तो डोळे तपासून आला. दाब दोन्ही डोळ्यांत वाढलेला निघाला. दृष्टीची हानी अजून झालेली नव्हती. आता तो रोज रात्री गल्ला बंद केल्यावर डोळ्यांत थेंब घालतो आणि मला फोनवर सांगतो, “घातले.”

आपल्या घरांतून वर्षाची खाती वेळेवर तपासली जातात. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाबही तसाच तपासावा, आणि ज्यांच्या घरी काचबिंदू आहे त्यांनी लग्नसराई संपण्याची वाट पाहू नये, एवढेच या प्रवासवर्णनाच्या निमित्ताने सांगायचे होते. येत्या ३१ जानेवारीला आम्ही दोघे भाऊ पुन्हा कोल्हापूरला जाणार आहोत. ढग नसले तर बरे.

जय जिनेंद्र.