पाहुणे आले, चष्मा काढ!

१ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ राजधानी झालं आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं फायलींच्या मागोमाग इकडे आली. तात्या टोपे नगरच्या सरकारी क्वार्टरांत वाढलेली आमची पिढी घरात मराठी आणि अंगणात हिंदी बोलायची. चष्मा लागला की चिडवणंही दोन्ही भाषांत व्हायचं. घरात भावंडं ‘ढापण्या’ म्हणायची, तर बाहेर ‘डबल बॅटरी’ म्हणून हाक यायची.

मुळात नंबर आहे हे कळायचंच उशिरा. फळ्यावरचं दिसत नाही अशी तक्रार कोण करणार? सगळ्यांना असंच दिसतं, अशी आमची समजूत! शेजारच्याच्या वहीतून उतरवताना धपाटा बसला की मग मास्तरांची चिठ्ठी घरी यायची. दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालायचे. त्याने जवळची अक्षरं धूसर व्हायची आणि अभ्यासाला सुट्टी मिळायची. सगळ्या प्रकरणातला आनंद काय तो तेवढाच.

आजीचा चष्म्यावर विश्वास नसे. तळपायाला गाईचं तूप, पहाटे दवावरून अनवाणी चालणं, त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुणं, असा तिचा कार्यक्रम ठरलेला. चष्मा मुलीला लागला असेल तर घरावर सुतकच. ‘आता हिचं कसं जमायचं?’ हे त्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या देखतच बोललं जायचं. पाहुणे आले की आई हळूच म्हणे, “काढ गं तो जरा.” आणि पाहुणे गेले की तीच ओरडे, “चष्मा कुठेय तुझा?”

त्यात फ्रेम घ्यायची ती वाढत्या अंगाची, गणवेशासारखी. न्यू मार्केटातून आणलेली ती काळी, जाड काड्यांची फ्रेम दोन वर्षं तरी पुरायला हवी. काचा खऱ्या काचेच्या, जड. चष्मा घसरत नाकाच्या शेंड्यावर यायचा आणि आम्ही त्याच्या वरून बघायचो. मग मागून नाडी बांधली जायची. असा चष्मा दप्तरात राहिला नाही तरच नवल.

काही घरांत वडील शहाणे निघाले. ते न रागावता पोराला रंगमहाल टॉकीजला घेऊन गेले. तिथल्या अंधारात आपला चष्मा कोणाला दिसत नाही, पडदा मात्र स्वच्छ दिसतो. ‘अरे, असं असतं होय!’ हे एकदा कळलं की पुढे ओरडावं लागत नसे.

चष्म्याने नंबर वाढतो, ही भीतीही तेव्हा घरोघरी होती. खरं तर लांबचं न दिसणाऱ्या मुलाचा नंबर वाढतो तो बहुधा वाढत्या वयात डोळ्याचा गोल लांबत गेल्याने. उलट एकाच डोळ्याला मोठा नंबर असेल आणि लहानपणी चष्मा लावला नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. सात-आठ वर्षांच्या वयानंतर ते सुधारणं कठीण होत जातं.

आता आपण आजी-आजोबा झालो. नातवंडांचे डोळे शाळेत घालण्याआधीच तपासून घ्या. फ्रेम त्यांची त्यांना निवडू द्या, फक्त ती नाकावर नीट बसते ना, एवढं बघा. आणि घरी कोणीही पाहुणे येवोत, ‘काढ तो जरा’ एवढं मात्र म्हणू नका.